नाताळच्या सजावटीत अक्रोड, सुपारी… आणि काजू?

प्रश्न : ताई, आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. यंदा नाताळला प्लास्टिकचे गोळे न आणता घरच्या सुपाऱ्या आणि काजूच्या बिया रंगवून झाडाला लावायचा पोरांचा हट्ट आहे. जमेल का? अक्रोड पण आणलेत थोडे.

उत्तर : जमेल की! जर्मनीत अक्रोडाला सोनेरी वर्ख लावून झाडाला टांगायची पद्धत जुनीच आहे. पण काजूच्या बिया आधी बाजूला काढा, सालीत जे तेल असतं ते लागलं की कातडी कशी उतते हे तुम्हाला कोकणात मी काय सांगायचं, आणि मे महिन्यापासून डब्यात पडलेल्या बिया असल्या तरी फोडल्यावर तेल निघतंच, पोरांच्या हातात नकोच.

सुपारी बेस्ट. सालासकट घ्या, पण कडक वाळलेलीच, नाहीतर आपल्या खाऱ्या दमट हवेत आठवड्यात बुरशी धरते आणि वरचा रंग सोलून निघतो. अक्रोडाचं म्हणाल तर शिवणीत सुरीचं टोक हळूच फिरवून दोन वाट्या करा, गर खाऊन टाका (हे काम पोरं आनंदाने करतात), आत सुंभाचा फास ठेवून फेविकॉलने परत चिकटवा. एखादी अर्धी वाटी गोठ्यासाठी ठेवा, थोडा कापूस घातला की बाळ येशूचा पाळणा तयार. घरात रांगतं बाळ असेल तर सुपाऱ्या वरच्या फांद्यांनाच बांधा, घशात अडकू शकतात.