थंडीत दिव्यांच्या वर आकाशात रंगीत खांब दिसतात, ते खरे असतात की कॅमेऱ्याची करामत?

फोटोत दिसतात तसे खांब नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, त्यामुळे ते खरेच. मात्र 'मग दिव्यातून झोत सरळ वर जातो का?' असं विचाराल, तर त्याचं उत्तर नाही असं आहे. दिव्याच्या डोक्यावर काहीच उभं नसतं. खांब दिसतो तो तुम्ही आणि दिवा यांच्या मधल्या हवेतून.

त्या हवेत बर्फाचे अगदी बारीक स्फटिक तरंगत खाली येत असतात. त्यांचा आकार षटकोनी चकतीसारखा असतो. शांत हवेत चकती कडेवर पडत नाही, आडवी, सपाट बाजू खाली करून पडते. म्हणजे हवेत लाखो इवलेसे आडवे आरसे झाले. दिव्याचा किरण तिरपा वर जातो, चकतीच्या खालच्या बाजूवर आपटतो आणि तेवढ्याच कोनात खाली तुमच्या डोळ्यात येतो. जाण्यायेण्याचा कोन सारखा, म्हणून कामी येणारी चकती साधारण निम्म्या अंतरावर असते. थोड्या उंचीवरची चकती थोडं वरचं प्रतिबिंब देते, आणखी उंचीवरची आणखी वरचं. ही सगळी प्रतिबिंबं एकावर एक रचली गेली की झाला खांब. पाण्यावर दिव्याची लांबट पट्टी पडते, त्याचाच हा प्रकार.

यात प्रकाश नुसता परावर्तित होतो, त्याचे रंग सुटे होत नाहीत. म्हणून सोडियमच्या दिव्याचा खांब नारिंगी आणि एलईडीचा पांढरा. सिग्नल लालाचा हिरवा झाला की त्याचा खांबही हिरवा होतो. आणि तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस पाहतो तो खांब वेगळ्या चकत्यांचा असतो. इंद्रधनुष्यासारखंच, ज्याचं त्याचं.

यातून एक छान मोजमाप करता येतं. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती आडवी साधारण 10 अंश झाकते. दिवा 3 किमी दूर आहे आणि खांब दिव्यापासून एक मूठभर उंच दिसतोय असं धरा. निम्मं अंतर दीड किमी. त्याला त्रिकोणमितीतल्या 10 अंशांच्या टॅनने (0.176) गुणलं की सुमारे 260 मीटर येतात. स्फटिकांचा थर अंदाजे तेवढा उंच आहे. चकत्या थोड्या डुलतात आणि खांबाचं टोक पुसट असतं, तेव्हा याला अंदाजच समजा. जवळच्या दिव्याचा खांब लांबच्यापेक्षा उंच का दिसतो, तेही याच गणितातून कळतं. थर 200 मीटरचा असेल तर 1 किमीवरच्या दिव्याचा खांब सुमारे 22 अंश चढतो, 4 किमीवरच्या दिव्याचा जेमतेम 6.

चकत्या चांगल्या तयार होतात त्या साधारण उणे 10 ते उणे 20 अंश सेल्सिअसच्या आसपास. थंडी असूनही खांब बघायचा बेत फसतो तो बहुतेक वेळा वाऱ्यामुळे. वारा असला की चकत्या उलट्यापालट्या होतात आणि खांब विस्कटतो. फार बारीक स्फटिकांनाही आडवं राहणं जमत नाही. दाट हिमवर्षाव असेल तर दिवेच झाकले जातात. त्यामुळे वर तारे दिसताहेत आणि समोर टॉर्च धरल्यावर हवेत बारीक चमचम होतेय, अशी रात्र उत्तम. स्कीइंगच्या उतारांवर कृत्रिम बर्फ उडवणारी यंत्रं चालू असतील तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला शक्यता वाढते. दिवे मात्र थोडा तरी उजेड वर टाकणारे हवेत. वरून पूर्ण झाकलेल्या दिव्यांचे खांब फिके पडतात.

कधी खांब जमिनीपासून सुटे, आकाशात लोंबकळल्यासारखे दिसतात. तेव्हा स्फटिक खाली नसतात, वरच्या ढगात असतात. जपानच्या किनाऱ्यावर मासेमारी नौकांच्या प्रखर दिव्यांचे असे तरंगते खांब दिसतात.

सूर्याचाही खांब होतो, आणि त्यासाठी तुमच्याकडे थंडी असायची गरज नाही. उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे ढग उष्ण प्रदेशातही बर्फाचेच असतात. सूर्य क्षितिजाला टेकताना किंवा नुकताच मावळल्यावर बघा. फरक एवढाच की इथे चकत्या थोड्या कललेल्या लागतात. चकती 2 अंश कलली की परावर्तित किरण 4 अंश सरकतो.

आता खोटे खांब ओळखायचे कसे? कॅमेरा 45 अंश तिरका करा. रेघही चौकटीबरोबर तिरकी झाली तर दोष कॅमेऱ्याचा किंवा लेन्सवरच्या बोटाच्या डागाचा. खरा खांब दृश्यात उभाच राहतो. काचेतून बघत असाल तर आधी खिडकी उघडा, कारण वायपरने पुसलेल्या काचेवर हुबेहूब अशाच रेघा उमटतात. मग अंगठ्याने नुसता दिवा झाका. वरचा खांब तसाच दिसत राहिला तर तो खरा. ध्रुवीय प्रकाशाशीही (ऑरोरा, ध्रुवांकडच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड) गल्लत होते. पण तो सुमारे 100 किमी आणि त्याहून उंचीवर असतो, हलतो, आणि खालचा दिवा विझवला म्हणून विझत नाही.

फोटोसाठी ट्रायपॉड घ्या, चौकट उभी धरा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) 2.8 च्या आसपास, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 800 ते 1600, शटर 4 ते 10 सेकंद, इथून सुरुवात करा. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, तो नारिंगी खांब धुऊन टाकतो. फोकस लांबच्या दिव्यावर हाताने लावा. फ्लॅश बंदच, नाहीतर जवळचे स्फटिक पांढऱ्या ठिपक्यांसारखे उठतात. प्रत्यक्ष दिवा एखाद्या भिंतीआड किंवा झाडाआड राहील अशी जागा निवडा, म्हणजे फोटोचा खालचा भाग अति उजेडाने पांढराफटक होत नाही. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. लेन्सवर श्वास पडू देऊ नका, तो तिथेच गोठतो. आणि घरात शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. नाहीतर लेन्सवर आतबाहेर दव धरतं.