लाटेचे शिक्षण : कोणते पुस्तक, कोणता व्हिडिओ?

प्रश्न : मी मालवणजवळ राहतो आणि गेले दोन हंगाम सर्फिंग शिकत आहे. फुटलेल्या लाटेच्या फेसात मी बोर्डावर उभा राहू शकतो. परंतु न फुटलेली लाट पकडू लागलो की बोर्डाचे नाक पाण्यात घुसते आणि मी पडतो. शिक्षक केवळ रविवारी भेटतात. पुस्तके व व्हिडिओ यांचा उपयोग होईल का, आणि ते कसे निवडावेत?

उत्तर : उपयोग निश्चित होईल, मात्र शरीराची हालचाल व्हिडिओतून शिकावी आणि समुद्राची पुस्तकातून.

नाक घुसण्याची चूक बहुधा उभे राहण्याच्या आधीच झालेली असते. छाती बोर्डावर फार पुढे असते, किंवा हात मारणे लवकर थांबल्यामुळे लाट उभी चढेपर्यंत बोर्डाला वेग आलेला नसतो. म्हणून ज्या व्हिडिओत स्वार थेट लाटेवर उभाच दिसतो, तो कितीही देखणा असला तरी तुमच्या कामाचा नाही. कमरेएवढ्या लाटेवर, तुमच्यासारख्याच लांब फोमच्या बोर्डावर, हात मारण्यापासून उभे राहण्यापर्यंतची क्रिया बाजूने आणि न तोडता दाखवणारा व्हिडिओ निवडा. शिकणारे पडतात आणि शिक्षक चित्र थांबवून चूक दाखवतो, असे व्हिडिओ मला सर्वांत मोलाचे वाटतात. हवाईतील प्रवाळखडकांवरच्या लाटा पाहून उत्साह वाढतो, पण आपल्या वाळूच्या तळावर फुटणाऱ्या लाटांचे तंत्र त्यातून कळत नाही.

पुस्तक घेताना आधी अनुक्रमणिका पाहा. वारा, भरती-ओहोटी, समुद्राचा तळ आणि पाण्याची ओढ यांवर स्वतंत्र प्रकरणे नसतील, तर ते घेऊ नका. त्यानंतर लेखक कोणत्या किनाऱ्याविषयी लिहितो आहे, हे तपासा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पुस्तकात पश्चिमेचा वारा चांगला म्हटलेला असतो, कारण तेथे तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा नितळ ठेवतो; आपल्याकडे तोच वारा समुद्रावरून येऊन लाट विस्कटतो. शाळेत शिकलेले मतलई आणि खारे वारे येथे उपयोगी पडतात: मतलई वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पहाटेच्या लाटा नीटस असतात आणि दुपारी खारा वारा सुटला की पाणी चुरगळते. कॅलिफोर्नियाचा किनारा आपल्यासारखाच पश्चिमेकडे तोंड करून असल्याने तेथील पुस्तकातील वाऱ्याचे नियम आपल्याला बरेचसे लागू पडतात. उंचीच्या आकड्यांबाबतही सावध राहा. हवाईच्या जुन्या पद्धतीने चार फुटी म्हटलेल्या लाटेचा समोरचा चेहरा सुमारे आठ फूट भरतो.

ओढीविषयी मात्र कोणत्याही पुस्तकावर विसंबू नका. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी कसे खेचते, हे तेथे रोज जाळे टाकणाऱ्यांना विचारा. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, त्या काळात वाचन करा.

एका वेळी एकच व्हिडिओ घ्या, अर्ध्या वेगाने पाहा आणि तीच हालचाल वाळूवर वीस वेळा करा. तुमचा उजवा पाय पुढे असेल आणि व्हिडिओतील शिक्षकाचा डावा, तर चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवून पाहा. पुढच्या वेळी मित्राला किनाऱ्यावरून, शक्यतो बाजूने, मोबाइलवर तुमचे चित्रण करायला सांगा. बोर्डाचे नाक घुसते त्या क्षणी तुमची हनुवटी वर आहे की बोर्डाला टेकलेली, हे त्यात सर्वांत आधी पाहा.