अंगारा कपाळाला लावा, तोंडात काही घालू नका

ताई, तुमचं काल रात्री वाचलं आणि झोपच लागली नाही, म्हणून आज पोरांचे डबे भरून झाल्या झाल्या लिहायला बसले. भावाला गाडीवरनं पडून 25 दिवस झाले, डोळे उघडतो पण ओळख देत नाही, गळ्यात नळी आहे, डॉक्टर शुद्धीचा स्कोअर (GCS) 8 म्हणतात, आणि आई विचारतायत की जोतिबाला नवस बोलू का आता आशाच सोडू. मी ह्यातनं गेलेय. 2019 च्या मे महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून कंपनीची सेकंड शिफ्ट सुटून येताना आमच्या ह्यांचा अपघात झाला, हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.

आधी त्या स्कोअरचं सांगते, कारण मी पण दीड महिना त्या आकड्यावरच जगत होते. तो 3 ते 15 असतो, डोळ्यांचे 4, बोलण्याचे 5 आणि हालचालीचे 6. गळ्यात नळी असली की आवाजच निघत नाही, म्हंजे बोलण्याचे मार्क मिळायचा प्रश्नच नाही. नुसता आकडा विचारून रडू नका, हालचालीचे किती ते विचारा, सांगितल्यावर बोट दाबतो का, नाहीतर जीभ काढतो का ते विचारा, आणि गुंगीचं औषध चालू आहे का तेही विचारा. आमच्यात 31 व्या दिवशी ह्यांनी माझा अंगठा दाबला. मी म्हटलं सोडा, तर सोडला. परत म्हटलं दाबा, तर काहीच नाही, तासभर नाही. ते असंच असतं सुरुवातीला, एकदा होतं आणि दहादा होत नाही, त्यावरनं खचू नका.

आता देवाचं. नवस खुशाल बोलू दे आईंना, त्यांना काहीतरी धरायला पाहिजे की ओ. पण एक हात जोडून सांगते, अंगारा कपाळाला लावा, तोंडात काही घालू नका. घरी आणल्यावर आमच्या एका नातेवाईकांनी लई मायेनं ह्यांच्या तोंडात चमचाभर तीर्थ घातलं. ठसका लागला, ओठ निळे पडले, रात्री ताप चढला आणि परत सहा दिवस आयसीयू. मेंदूला मार लागला की गिळायचं विसरतं माणूस, आणि पातळ पाणी सगळ्यात वाईट, ते सरळ फुफ्फुसात जातं, त्यापेक्षा घट्ट पेज बरी, पण तीसुद्धा गिळण्याची तपासणी करून डॉक्टर हो म्हटल्यावरच. कुणाला राग आला तर येऊ दे, दारात उभं राहून अडवा.

दुसरं म्हणजे नवसाला तारीख घालू नका. सासूबाईंनी जोतिबाला सांगितलं होतं की नागपंचमीला लेक उठून बसू दे. 5 ऑगस्टला नागपंचमी आली आणि बसणं राहू दे, आमच्या गल्लीत महापुराचं पाणी आलं. तालमीच्या पोरांनी ह्यांना गादीसकट नावेत घेतलं, नाकातली नळी एकानं हातात धरलेली, सासूबाईंनी देव्हाऱ्यातला टाक पदरात बांधला आणि मी झटक्यांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरल्या, कारण त्या मधेच बंद केल्या की फिट येऊ शकते. नणंदेकडं कळंब्याला गेलो तर सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, देवानं ऐकलं नाही म्हणून. मला तर वाटतं त्या नावेतच ऐकलं होतं. नोव्हेंबरात त्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेल्या, मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत येतात तो, पण ढगामुळं किरणं वाटेतच थांबली तर म्हणाल्या उद्या परत येते. त्यानंतर त्यांनी ह्यांच्यासाठी तारीख कधी धरली नाही.

खरं सांगते, जो माणूस गेला तोच तसाच परत येत नाही. ह्यांचा पहिला शब्द ऑक्टोबरात आला, फिजिओथेरपीवाल्या पोराला दिलेली शिवी, आयुष्यात कधी शिवी न दिलेला माणूस. ते पोरगं हसलं आणि म्हणालं वहिनी हे चांगलं लक्षण आहे, बरं होताना चिडचिडीचा टप्पा येतोच. आज चालतात, उजवा पाय ओढतात, कंपनीत परत जाता आलं नाही, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा जास्त दिसते हे खरंय, पण दोन वर्षांनी ते शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले, त्यामुळं कुणी सहा महिन्यांवर फुली मारली तर ऐकू नका.

एक वही करा, रोज दोन ओळी लिहा, कुठला हात हलला, कुणाच्या आवाजाला डोळे वळले. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, वहीत मागं गेलं की कळतो.

आणि आईंनी उपास धरले असतील तर सोडायला लावा. भाऊ घरी आला की दर दोन तासांनी कूस बदलायला लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि त्याला दोन माणसांची ताकद लागते.