ॲपचा स्कोअर चढतो, मॉकचा आकडा मात्र हलत नाही

प्रश्न: मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, वाशीला नोकरी करतो आणि एमबीए सीईटीची तयारी करतोय. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळतं, तेव्हा अर्धा तास ‘ब्रेन ट्रेनिंग’चं ॲप खेळतो. दोन महिन्यांत ॲपमधला स्कोअर दुप्पट झाला, पण मॉक टेस्ट २०० पैकी ११० वरच अडकलीय. ॲपची वर्षाची वर्गणी भरू का?

उत्तर: नका भरू. तेच पैसे मॉक टेस्टसाठी ठेवा.

ॲपमध्ये तुमची प्रगती झाली हे खरंच आहे, पण ती त्या खेळापुरती. १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका विद्यार्थ्याला सेकंदाला एक अशा गतीने अंक ऐकवत आणि ते क्रमाने म्हणायला सांगत. सुरुवातीला त्याच्या लक्षात सात अंक राहायचे. वीस महिन्यांच्या सरावानंतर तो ७९ अंकांवर पोहोचला. मग अंकांऐवजी अक्षरं ऐकवली, तर पुन्हा जेमतेम सहा! तो धावपटू होता. अंकांचे गट शर्यतीतल्या वेळा समजून लक्षात ठेवायची युक्ती त्याला साधली होती आणि अक्षरांपुढे ती चालेना. पुढे २०१० साली ‘नेचर’मध्ये ११,४३० जणांचा अभ्यास आला. सहा आठवडे खेळून मंडळी त्या खेळांत सुधारली, पण न खेळलेल्या चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही. ‘ल्युमॉसिटी’ या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने तर शाळेत आणि कामावर कामगिरी सुधारते अशी जाहिरात केली होती. त्या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याच्या आरोपावरून २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगासोबतच्या तडजोडीत तिला २० लाख डॉलर मोजावे लागले.

आता तुमच्या ११० कडे वळू. सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची तीन मिनिटं उरलेल्यांवर खुणा करायला राखून ठेवा. गेलेले ९० गुण कुठे गेले ते वहीत मांडा. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे तीनपैकी एक कारण लिहा: येतच नव्हतं, वाचण्यात चूक झाली, की वेळ पुरला नाही. दोन मॉक झाल्या की कोणता रकाना फुगतोय ते कळतं. इथे बहुतेक जण एक घोटाळा करतात. ते उत्तरपत्रिकेतलं स्पष्टीकरण वाचतात, ‘अरे, सोपं होतं’ म्हणतात आणि पुढे जातात. वाचून कळणं निराळं आणि कोऱ्या कागदावर सुटणं निराळं. तोच प्रश्न स्पष्टीकरण झाकून दोन दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग तीन आठवड्यांनी पुन्हा सोडवा.

वर्तुळाकार बैठकीचे प्रश्न घ्या, म्हणजे गोल बसलेल्यांत कोण कुणाच्या डावी-उजवीकडे ते शोधायचे. ते चुकले की ‘माझं डोकं चालत नाही’ असं वाटतं आणि माणूस ॲपकडे वळतो. खरं कारण बहुधा डावं-उजवं असतं. केंद्राकडे तोंड असेल तर डावीकडे म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. बाहेर तोंड असेल तर नेमकं उलट. काही जण आत आणि काही बाहेर बघत असले की गोंधळ उडतो. म्हणून आकृतीत प्रत्येक नावापुढे आधी बाण काढा, मगच जागा भरा. ‘अ हा ब च्या शेजारी नाही’ असली नकारार्थी वाक्यं शेवटी वापरा. आधी वापरली की शक्यता वाढतात आणि आकृती तीनदा खोडावी लागते.

आकृत्यांच्या मालिकेत नजर सगळीकडे भिरभिरू देऊ नका. रेघांची संख्या, फिरण्याचा कोन, काळा-पांढरा भाग आणि मग जागा, या क्रमाने तपासा. पहिल्याच फरकाने दोन-तीन पर्याय बाद होतात.

लोकलमध्ये कागद-पेन्सिल जमत नाही, तेव्हा तो अर्धा तास तोंडी हिशेबाला द्या. आजोबांच्या पिढीला पावकी-निमकी पाठ असायची, तसे तुम्ही अपूर्णांक पाठ करा: १२.५ टक्के म्हणजे एक अष्टमांश, ३७.५ म्हणजे तीन अष्टमांश. मग ६४० चे ३७.५ टक्के काढायला ८० गुणिले तीन, २४०; पाच सेकंदांत काम होतं. ३० पर्यंतचे वर्गही तोंडी हवेत. वेळ लावून अशी आकडेमोड करून घेणारं ॲप असेल तर जरूर वापरा, कारण तिथे परीक्षेचंच काम होतंय.

प्रश्न: कोपरखैरण्याहून विचारते. मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार आहे. बुद्धिमत्ता चाचणीसाठी तिला रोज सुडोकू देते. उपयोग होईल का?

उत्तर: आवडत असेल तर खेळू द्या, ताई, पण तयारीत धरू नका. सांकेतिक भाषा, दिनदर्शिका, आरशातली प्रतिमा हे प्रकार सुडोकूत येत नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिकांतून एका वेळी एकच प्रकार घ्या आणि दहा प्रश्न सोडवून घ्या. चार-पाच प्रकार झाले की सरमिसळ करा. प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणं हेही शिकावं लागतं. पेपर ७५ प्रश्नांचा आणि ९० मिनिटांचा असतो, तेव्हा दर रविवारी तिला सलग ९० मिनिटं बसवा आणि उत्तरं ओएमआरच्या, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेच्या, नमुना प्रतीवरच पेनने भरायला लावा. मुलं एखादा प्रश्न सोडतात, पण गोलाची ओळ सोडत नाहीत आणि पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. दर पाच गोलांनंतर प्रश्न क्रमांक जुळवून बघायची सवय लावा.

प्रश्न: परीक्षेच्या आदल्या रात्री डोकं ‘तेज’ करायला एखादा खेळ खेळावा का? (ऐरोली)

उत्तर: नको. हॉल तिकीट आणि ओळखपत्र पिशवीत ठेवा, चुकांची वही अर्धा तास चाळा आणि झोपा.