परतीच्या दिवसाचे प्रश्न

जून लागला की किनारपट्टीवरून परदेशी ग्रुप टूरला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. आंबा आटोपलेला असतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते आणि लावणीला थोडा अवकाश असतो. या वेळी आलेल्या पत्रांत निघायच्या दिवसाबद्दल एकही प्रश्न नाही, सगळे परतीच्या दिवसाबद्दलच आहेत. ते साहजिकच आहे. जाताना टूर कंपनी दहा वेळा फोन करते, येताना मात्र ज्याचं त्यानं बघायचं असतं.

आमची टूर रोममध्ये संपते. विमान रात्री दहाचं, पण हॉटेल सकाळी आठला सोडायचं असं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय. एवढी घाई का? अकरापर्यंत आरामात निघता येणार नाही का?
*एक वाचक, दापोली*

घाई बसच्या चालकामुळे असते. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवली की चालकाला ४५ मिनिटं थांबावंच लागतं. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही, आठवड्यातून दोनदाच १० तासांची मुभा असते. हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. सकाळी चाळीस माणसांनी तासभर उशीर केला, तर तो संध्याकाळी विमानतळाच्या वाटेवर भरून काढता येत नाही. टूर मॅनेजर घड्याळाकडे बघत असतो तो उगाच नाही.

वेळ उलटी मोजा. विमान दहाला असेल तर काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे नऊला. ग्रुपची रांग लांब असते, म्हणून साडेसहाला विमानतळावर पोचायचं, आणि खरेदीवर भरलेल्या कराचा परतावा घ्यायचा असेल तर सहाला. फ्युमिचिनो विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळी रस्ते तुंबतात, तेव्हा पाचला शहर सोडायचं. म्हणजे दुपार विमानतळावर जात नाही, शहरातच जाते. फक्त बॅगा दिवसभर बसच्या पोटात कुलूपबंद असतात.

म्हणून परतीचा दिवस आदल्या संध्याकाळीच उरकायचा. मोठी बॅग रात्रीच भरून हातात धरायच्या वजनकाट्यावर तोलायची. बहुतेक विमान कंपन्यांत साध्या वर्गाला २३ किंवा ३० किलो चालतात, पण एकच बॅग ३२ किलोंच्या वर गेली तर पैसे भरूनही घेत नाहीत. नवऱ्याच्या बॅगेत जागा आहे हे काउंटरवर कळलं, तर सगळ्या रांगेसमोर कपडे उपसावे लागतात. स्विस चाकू, मध, जॅम आणि मऊ चीज मोठ्या बॅगेत. चीज आणि जॅमही बऱ्याच विमानतळांवर १०० मिलिलीटरच्या नियमात येतात, हे तपासणीच्या पट्ट्यापाशी पोचेपर्यंत कुणाला आठवत नाही. पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत. हॉटेलचं किरकोळ बिल आणि इटलीत माणशी लागणारा शहर-कर टूरमध्ये धरलेला नसेल, तर तोही रात्रीच चुकता करा. सकाळी वीस खोल्यांची माणसं एकाच काउंटरवर उभी असतात.

खोलीतल्या तिजोरीत पासपोर्ट ठेवला असेल तर सकाळी घालायच्या बुटांपैकी एक बूट त्याच्या शेजारी ठेवा. हसू येईल, पण एक बूट घालून कुणी बसमध्ये चढत नाही.

आणखी एक. सुरक्षा तपासणी झाली म्हणजे विमान समोर आलं असं नाही. भारताकडे येणाऱ्या विमानासाठी पुढे पासपोर्टची तपासणी असते, आणि ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत बोटांचे ठसे व चेहऱ्याची नोंद घेणारी नवी पद्धत सुरू झाल्यावर काही ठिकाणी तिथे रांगा वाढल्या आहेत. आधी पासपोर्ट, मग दुकानं.

जर्मनीतल्या टिटिसीहून साखळ्यांचं कुक्कू क्लॉक घेतलं. शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी आणलेलं घरी आल्यावर चाललंच नाही. बॅगेत कसं भरावं?
*एक वाचक, गुहागर*

घड्याळ आडवं किंवा उलटं झालं की साखळी आतल्या दातेरी चाकावरून निसटते. शेजाऱ्यांच्या घड्याळाचं बहुधा तेच झालं असावं. दुकानातून नवं बंद खोक्यात मिळालं असेल आणि उघडलं नसेल, तर तसंच ठेवा. कारखान्यात साखळ्या तारेनं बांधलेल्या असतात. पण हॉटेलवर हौसेनं उघडून पाहिलं असेल (पाहिलंच असेल), तर असं करा.

घड्याळ उभं धरायला कुणाला तरी सांगा. पाइनच्या बोंडासारखी लोखंडी वजनं काढा. साखळ्यांची दोन्ही टोकं हलकेच खाली ओढून ताठ करा. पेटीच्या तळाला लागून साखळीच्या कड्यांतून पातळ तार ओवा आणि पिळून घट्ट करा, म्हणजे कडी आत सरकत नाही. लोंबणारी साखळी छोट्या प्लॅस्टिक पिशवीत घालून पेटीच्या तळाशी चिकटवा. लोलक काढून वेगळा गुंडाळा. पक्ष्याच्या दाराची तारेची कडी लावा, नाहीतर प्रवासात दार उघडून पक्ष्याची चोच मोडते. शिट्टीच्या भात्यांना कागदी किंवा तारेच्या पकडी असतील तर त्याही परत लावा. हे सगळं झाल्याशिवाय घड्याळ आडवं करू नका.

वजनं मोठ्या बॅगेत. रोज साखळी ओढायच्या घड्याळाचं एकेक वजन पाव ते एक तृतीयांश किलोचं असतं, आठवड्यातून एकदा ओढायच्या घड्याळाचं किलोच्या वर जातं. तीन असली तर बॅगेचा हिशोब बदलतो. बॅटरीवरच्या घड्याळाची वजनं नुसती शोभेची आणि हलकी असतात. त्यातल्या फक्त बॅटऱ्या काढा.

घरी टांगताना पावसाळ्यात पाझरणारी चिऱ्याची बाहेरची भिंत नको, माजघराची आतली भिंत बघा. जमिनीपासून सहा फूट तरी वर, म्हणजे साखळीला उतरायला जागा राहते. पेटी लोंबत्या स्थितीत आल्यावरच तार सोडा. टिक आणि टॉक यांत सारखं अंतर ऐकू येत नसेल, तर पेटीचं खालचं टोक केसभर डावी-उजवीकडे सरकवा. घड्याळ चालत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत पेटी तिरकी असणं हे कारण फार वेळा निघतं.

आमची टूर स्वित्झर्लंडला सुरू होऊन जर्मनी, ऑस्ट्रियामार्गे इटलीत संपते. खरेदी तीन देशांत केली. कराचा परतावा शेवटच्या दिवशी रोमला एकदम घेता येईल ना?
*एक वाचक, सावंतवाडी*

जर्मनी आणि इटलीचा मिळेल, स्वित्झर्लंडचा नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे तिथल्या खरेदीच्या कागदावर स्विस सीमेवरच शिक्का घ्यावा लागतो. बस तिथे आपोआप थांबत नाही. आदल्या रात्री टूर मॅनेजरला सांगा आणि कागद, वस्तू, पासपोर्ट बसच्या पोटात नव्हे तर हातात ठेवा. ज्यांच्या टूरमध्ये लंडन आहे त्यांनी आशा धरू नये: ब्रिटननं पर्यटकांचा हा परतावा २०२१ पासून बंद केला आहे.

नुसतं बिल पुरत नाही. दुकानात पासपोर्ट दाखवून परताव्याचा वेगळा कागद करून घ्यावा लागतो, आणि तो शेवटच्या दिवशी करता येत नाही. खरेदीची किमान रक्कमही असते: जर्मनीत ५० युरोच्या वर, इटलीत ७० च्या वर, स्वित्झर्लंडमध्ये ३०० फ्रँक.

रोमला बॅग काउंटरवर देऊन मोकळे होऊ नका. आधी काउंटरवर सांगा की या बॅगेत परताव्याचा माल आहे. ते बॅगेला पट्टी लावून बॅग तुम्हाला परत देतात, मग कस्टम्सकडे माल आणि कागद दाखवायचे, आणि मग बॅग सोडायची. माल दाखवता आला नाही तर नोंद नाकारू शकतात. वाटेत फ्रँकफर्टसारख्या संघातल्याच विमानतळावर विमान बदलायचं असेल, तर मोठ्या बॅगेतल्या मालाची नोंद रोमला होते आणि हातातल्या मालाची फ्रँकफर्टला. दोहा किंवा दुबईमार्गे येत असाल तर दोन्ही रोमलाच.

जर्मनीचा कर १९ टक्के आहे म्हणून १९ टक्के हातात पडतील असं धरू नका. मधली कंपनी आपला वाटा कापते, आणि रोख घेतल्यास जास्त.

ॲमस्टरडॅमहून ट्यूलिपचे कांदे आणले तर वाडीत लागतील का?
*एक वाचक, अलिबाग*

लागणार नाहीत, आणि आणूही नयेत. २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशानुसार कांदे, बिया, रोपं आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. पाकिटावर दुसऱ्या एखाद्या देशाचा शिक्का असला तरी तो भारतात चालत नाही. शिवाय ट्यूलिपच्या कांद्याला बारा-चौदा आठवडे ९ अंशांच्या आसपासची थंडी लागते, ती आपल्या किनाऱ्यावर कुठली? तिथेच लाकडी ट्यूलिप मिळतात. ते हलके असतात, कस्टम्सला चालतात आणि त्यांना पाणीही घालावं लागत नाही.

विमान पहाटे साडेचारला मुंबईत उतरतं. सकाळी सातच्या सुमाराची मांडवी एक्स्प्रेस पकडून खेडला उतरलो तर चालेल का?
*एक वाचक, हर्णै*

नको. इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम्समध्ये दीड-दोन तास सहज जातात, पुढे सहारहून सीएसएमटी. विमान अर्धा तास उशिरा आलं तरी हुकली. त्यातून जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं, ते आधी पाहून घ्या. उतरण्याची वेळ आणि गाडी यांत सहा तास ठेवा आणि ठाणे किंवा पनवेलहून चढा.

अशा घाईत गाडी हुकण्यापेक्षा मोठं नुकसान होतं. पट्ट्यावर बॅग आली नाही तर गाडीच्या धास्तीनं माणसं "घरून फोन करू" म्हणत बाहेर पडतात. ते करू नका. विमान कंपनीच्या खिडकीवर बॅग न आल्याची नोंद, म्हणजे पीआयआर, करून क्रमांक घेतल्याशिवाय हॉल सोडायचा नाही. बॅग फुटली असेल तर लेखी दाव्याला ७ दिवस, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवस अशी मुदत आहे. पोचवायचा पत्ता देताना मुंबईतल्या नातेवाइकाचा देणं सोयीचं.

सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ल्याच्या मंडळींना गोव्याचा मोपा विमानतळ जवळ. पण मुंबईला विमान बदलून मोप्याला जायचं असेल तर साधारणपणे बॅग मुंबईलाच घेऊन कस्टम्स उरकावं लागतं. तेवढा वेळ धरा.

फ्लॉरेन्सची चामड्याची पर्स आणली असेल तर घरी आल्या दिवशीच प्लॅस्टिकमधून काढा. आपल्या जूनच्या दमटपणात बंद पिशवीतल्या चामड्यावर बघता बघता बुरशी धरते.

दहा दिवसांत सहा शहरं पाहिली. घरी आल्यावर कुठला पूल कुठल्या गावचा तेच आठवेना. शेवटच्या दिवशी काही करून हे टाळता येतं का?
*निवृत्त शिक्षक दांपत्य, रत्नागिरी*

येतं. ग्रुप टूरमध्ये शहरं बदलतात, पण बस तीच, जागा तीच, रात्रीचं जेवण भारतीय आणि हॉटेल गावाबाहेरचं. दिवस एकमेकांत मिसळतात ते यामुळे.

विमानतळाकडे जाताना बसमध्ये आणि नंतर गेटपाशी मिळून दोन तास तरी मिळतात. नवी वही नको, छापील कार्यक्रमपत्रिकाच घ्या, तिच्यावर तारखा आणि गावं आयतीच असतात. शेवटच्या दिवसापासून मागे जा. कालचं ताजं असतं आणि ते परवाचं ओढून आणतं. प्रत्येक दिवसापुढे तीनच गोष्टी लिहा: दुपारी काय खाल्लं, कुठे बसलात, शेजारी कोण होतं. मनोरा किती उंच ते लिहू नका, ते घरी कधीही सापडेल. दोघांनी वेगवेगळं लिहा, आणि लिहून होईपर्यंत बोलू नका. एकानं मोठ्यानं सांगितलं की दुसऱ्याची आठवण त्यात विरघळते.

कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर राहिलं असेल तर जपून. उन्हाळ्यात तिथली वेळ साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथे रात्री साडेआठनंतर काढलेल्या फोटोवर पुढच्या दिवसाची तारीख पडते. जूनमध्ये तेव्हा अजून उजेड असतो, त्यामुळे असे फोटो भरपूर निघतात आणि भलत्याच गावात जाऊन बसतात. तिकिटांचे गुळगुळीत कागद फिके पडतात, त्यांचे फोटो काढा. सहप्रवाशांकडचे फोटो गेटवरच मागून घ्या, आणि व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून, नाहीतर ते आकसून येतात. फोटो पुसायचं काम मात्र विमानतळावर करू नका. थकलेल्या माणसाला सगळेच फोटो वाईट वाटतात.

कार्यक्रमातली बोटीची फेरी झालीच नाही. शेवटच्या दिवशी बसमध्ये अभिप्रायाचा फॉर्म आला, भिडेखातर आम्हीही "उत्तम" लिहिलं. आता तक्रार करता येईल?
*एक वाचक, वेंगुर्ले*

येईल. फॉर्म गोळा करणारा समोर उभा असतो, तेव्हा असं होतं. पुढच्या वेळी मॅनेजरला "उत्तम" द्या आणि खाली एक ओळ लिहा: तारीख, ठिकाण, काय झालं नाही, कारण काय सांगितलं. फॉर्मचा फोटो ठेवा.

आत्ता कंपनीला कार्यक्रमपत्रिकेची प्रत जोडून मेल करा. हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास काय, हे बुकिंगच्या अटींत पाहा. बऱ्याचदा पर्यायी स्थळ किंवा तिकिटाचे पैसे एवढंच मागता येतं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्हाला स्वतःच्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, कंपनी पुण्या-मुंबईची असली तरी. मुदत दोन वर्षं. त्याच मेलमध्ये टूरच्या पैशांसोबत घेतलेल्या टीसीएसचं, म्हणजे आयकरापोटी आगाऊ वसूल केलेल्या रकमेचं, प्रमाणपत्र मागून घ्या. विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करता येते, आणि कितीतरी जण ती तशीच सोडून देतात.

उरलेले युरो आणि चिल्लर यांचं काय करायचं?
*एक वाचक, मालवण*

नोटा परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत मनी चेंजरकडे द्या. २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत स्वतःजवळ ठेवायला परवानगी आहे. नाणी इथे कुणी घेत नाही. शेवटच्या दिवशी विमानतळावर कॉफीचं बिल आधी नाण्यांनी आणि उरलेलं कार्डानं द्या. तरीही राहिलीच तर पुढच्या टूरला जाणाऱ्या शेजाऱ्याला द्या. महामार्गावरच्या स्वच्छतागृहाच्या दारात त्याला ती पहिल्याच दिवशी लागतील.