जोडीदाराच्या बॅगेत सापडलेली डबी

समलिंगी जोडप्यांच्या समुपदेशनात एक प्रसंग वरचेवर समोर येतो. जोडीदाराच्या सामानात गोळ्यांची डबी सापडते, मोबाइलवर नाव शोधलं की पहिल्याच ओळीत 'एचआयव्हीचं औषध' दिसतं, आणि मग चार दिवस घशाखाली घास उतरत नाही. खालची हकिगत अशा अनेक भेटींतून जुळवलेली आहे. कुणाची ओळख पटेल असं तिच्यात काही ठेवलेलं नाही.

तो २९ वर्षांचा, मूळचा सोलापूरकडचा, नोकरी पुण्यात. जोडीदाराबरोबर दहा महिने झालेले. चार्जर शोधायला बॅग उघडली तर मोज्यांखाली डबी. "एक तर त्याला एचआयव्ही आहे आणि त्यानं लपवलंय. नाहीतर तो माझ्यामागे कुणाकडे तरी जातो. तिसरं काय असणार?" असं विचारून तो गप्प बसून राहिला.

डबीचा फोटो त्याच्याकडे होता. लेबलवर दोन औषधं: टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेट ३०० मिग्रॅ आणि एमट्रिसिटाबिन २०० मिग्रॅ. ही जोडगोळी एचआयव्हीच्या उपचारातही वापरतात, पण तिथे साधारणपणे तिसरं औषध सोबत असतं, आजकाल बहुधा डोल्युटेग्राविर. नुसती ही दोनच औषधं घेणारा माणूस बरेचदा 'प्रेप' घेत असतो. म्हणजे एचआयव्ही नसलेल्यानं तो होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी. अमेरिकेत २०१२ मध्ये तिला या वापरासाठी मान्यता मिळाली आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना जास्त धोका असलेल्या प्रत्येकाला ती देण्याची शिफारस करते.

तरी डबीवरून निदान करू नये, हेही त्याला तिथेच सांगितलं. खरं काय ते जोडीदारच सांगू शकतो. आणि समजा त्याला एचआयव्ही असता, तो नियमित उपचार घेत असता आणि रक्तातले विषाणू मोजता न येण्याइतके कमी असते, तर संबंधांतून लागण झाली नसती. समलिंगी जोडप्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासांत अशी एकही लागण जोडीदाराकडून झालेली आढळली नाही. ज्या शक्यतेनं त्याची झोप उडाली होती, तिच्यातही घर मोडण्यासारखं काही नव्हतं.

विचारायचं कसं, यावर आमचा बराच वेळ गेला. "कुणाबरोबर होतास?" असं सुरू केलं की समोरचा आधी स्वतःला वाचवतो, उत्तर नंतर देतो. त्यापेक्षा घडलं तसं सांगावं: बॅग मी उघडली, उघडायला नको होती, डबी दिसली, मला भीती वाटतेय. त्यानं तसंच विचारलं. पुढच्या भेटीला दोघे आले.

जोडीदार ३३ वर्षांचा. हे नातं जुळायच्या आधीपासून तो गोळी घेत होता, आणि त्याची कारणं अनेकांच्या तोंडून ऐकू येणारीच होती. पूर्वी एकदा कंडोम फाटला. तेव्हा ७२ तासांच्या आत 'पेप', म्हणजे धोका होऊन गेल्यावर लागण टाळायला घ्यायची औषधं, सुरू करून २८ दिवस गोळ्या घेतल्या, मग तपासणीची वाट. तो महिना त्याला पुन्हा नको होता. दुसरं कारण त्यानं अडखळत सांगितलं. तो बॉटम आहे, म्हणजे गुदसंबंधात आत घेणारा. कंडोम दुसऱ्याच्या अंगावर चढायचा असतो, मधेच काढला तर कळतही नाही, आणि ऐन वेळी हट्ट धरायला जीभ रेटत नाही. "गोळी मात्र मी सकाळी ब्रश केल्यावर घेतो. तिथे कुणाला विचारावं लागत नाही."

या वाक्यामागे शरीरशास्त्रही आहे. गुदाशयाचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं, नाजूक. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित जोडीदाराशी कंडोमविना संबंध आला, तर बॉटमला लागण होण्याचा अंदाज १० हजार वेळांमागे सुमारे १३८ धरतात, टॉपला, म्हणजे आत घालणाऱ्याला, सुमारे ११. योनिमार्गातून स्त्रीला ८. टेनोफोविर गुदाशयाच्या पेशींत चांगलं साठतं आणि विषाणूला तिथेच स्वतःची नक्कल करू देत नाही, म्हणून या गोळीचा पुरुषांना एवढा उपयोग होतो. सांगितल्याप्रमाणे घेतली तर संबंधांतून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो.

"मी निगेटिव्ह आहे" हे वाक्य बोलणारा खोटारडा असतो असं नाही. पण ते शेवटच्या तपासणीपुरतंच खरं असतं, आणि त्या तपासणीतही मागच्या काही आठवड्यांतली लागण दिसली नसेल. आपलं संरक्षण दुसऱ्याच्या रिपोर्टवर सोडायचं नाही म्हणून गोळी घेणारे बरेच आहेत. त्यात अविश्वास वाचू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लपवून घेणं मात्र नात्याला बोचतं. जोडीदारानं ते मान्य केलं: सांगितलं तर 'हा उंडारणारा' असा शिक्का बसेल, ही भीती होती.

मग पहिल्यानंही सांगितलं की सुरुवातीच्या महिन्यांत तो ॲपवरच्या एकाला भेटला होता. दोघांनी एकत्र आल्यापासून एकदाही तपासणी केली नव्हती आणि 'आपण दोघेच' असं कधी बोलून ठरवलंही नव्हतं. दोघेही तपासून निगेटिव्ह निघाले आणि बाहेर कुणाशी संबंध ठेवायचा नाही असं खरंच ठरलं, तर प्रेपची गरज उरत नाही, हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगितलं. ते ठरेपर्यंत आपणही गोळी घ्यायची, असं पहिल्यानं सुचवलं. लगेच त्याचा प्रश्न आला: "याच्याच डबीतून सुरू करू का?"

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. मित्राच्या डबीतून, तपासणीशिवाय सुरुवात. शरीरात आधीच एचआयव्ही असेल तर ही दोन औषधं त्याला आवरायला अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना सरावतो. पुढे उपचार करताना तीच औषधं निकामी ठरू शकतात. म्हणून आधी एचआयव्ही चाचणी, शक्यतो प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची, कारण तिच्यात संबंधानंतर ४५ दिवसांत लागण कळते. बोट टोचून होणाऱ्या झटपट चाचणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. सरकारी रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत चाचणी मोफत होते, जवळचं केंद्र १०९७ या नंबरवर कळतं. मागच्या महिन्याभरात ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेत गाठी असं काही झालं असेल तर डॉक्टरांना सांगायचं आणि थांबायचं. मागच्या ७२ तासांत धोका झाला असेल तर आधी पेप, प्रेप नंतर.

दुसरी तपासणी कावीळ ब (हिपॅटायटिस बी) ची. हे दोन्ही घटक त्या विषाणूलाही दाबतात, त्यामुळे ब असलेल्यानं गोळी अचानक सोडली तर यकृताचा आजार उसळतो. ब नसेल आणि लस झाली नसेल तर लस घ्यायची: आज, महिन्यानं, सहाव्या महिन्यात.

तिसरी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं त्या घटकाची. नुसता आकडा पाहून चालत नाही. १४० वजा वय, गुणिले किलोतलं वजन, भागिले क्रिएटिनिनची ७२ पट, असा हिशेब डॉक्टर करतात आणि उत्तर ६० च्या वर असलं तर बहुतेक ठिकाणी निर्धास्तपणे सुरू करतात. पहिल्याचं वजन ६५ किलो आणि क्रिएटिनिन १.७, म्हणून उत्तर आलं सुमारे ५९. चेहरा पडला. विचारल्यावर कळलं की तो जिमसाठी रोज क्रिएटिन पावडर घेतो आणि आदल्या संध्याकाळी पायांचा जड व्यायाम करून आला होता. या पावडरीनं आणि जड व्यायामानं मूत्रपिंड ठणठणीत असतानाही आकडा चढतो. डॉक्टरांनी पावडर बंद करून दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. आकडा १.० आला, हिशेब १०० वर गेला. जिमला जाणाऱ्या प्रत्येकानं रक्त देण्याआधी पावडरीचं आवर्जून सांगावं. पाठदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक घेत असाल तर तेही, कारण त्याचा मात्र मूत्रपिंडावर खरोखरच ताण येतो.

केमिस्टकडून डबी घेताना लेबलवरची दोन्ही नावं आणि मिग्रॅ वाचून घ्या. सारख्या नावांच्या डब्यांत कधी एकच औषध असतं, कधी तीन. गोळी मूळ डबीतच ठेवायची, आतली ओल शोषणारी पुडी फेकायची नाही. घरच्यांपासून लपवायला व्हिटॅमिनच्या बाटलीत ओतून ठेवणारे बरेच आहेत, पावसाळ्यात त्या गोळ्या दमट होतात.

पहिल्या दिवशी दोन गोळ्या, संबंधाच्या किमान २ तास आधी, मग रोज एक. पुरुषांना याप्रमाणे लगेच संरक्षण मिळतं. पहिले काही आठवडे मळमळ, गॅस, डोकेदुखी होऊ शकते. जेवणानंतर घेतली की बऱ्याच जणांना बरं वाटतं. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवताच घ्या, दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन घेऊ नका. आठवड्यात चार गोळ्या गेल्या तरी पुरुषांत संरक्षण बरंच टिकतं, पण मुद्दाम त्यावर विसंबू नये.

क्वचितच संबंध येणाऱ्यासाठी वेगळा मार्ग आहे. संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, पहिल्या मात्रेनंतर २४ तासांनी एक, आणखी २४ तासांनी एक. शनिवारी रात्री ९ ला भेट असेल तर संध्याकाळी ७ च्या आत दोन, मग रविवारी आणि सोमवारी त्याच वेळी एकेक. भेटी लांबल्या तर रोज एक चालू ठेवायची आणि शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस घेऊन थांबायचं. कावीळ ब असलेल्यांनी हा मार्ग धरू नये. सगळ्यात जास्त गळते ती सोमवारची गोळी, कारण तोवर भीती ओसरलेली असते.

गोळी सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया अडवत नाही, म्हणून कंडोमचं काम संपत नाही. गोळी सुरू केल्यावर पहिली एचआयव्ही चाचणी महिन्यानं, मग दर तीन महिन्यांनी, सोबत सिफिलिसची रक्ततपासणी आणि घसा व गुदद्वाराचा स्वॅब. नुसती लघवी तपासली तर घशातला आणि गुदद्वारातला गोनोरिया निसटतो, आणि तो तिथे बहुधा काही त्रासही देत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला दोघे आले तेव्हा पहिल्याला लग्नासाठी स्थळ सांगून येत होतं, तो विषय अजून चालू आहे. गोळीबद्दल त्याचा एकच प्रश्न होता: गणपतीला दहा दिवस घरी जायचंय, आईच्या नजरेतून डबी सुटणार नाही, काय करू? तिकडे संबंध येणार नसेल तर जाण्याआधीच्या शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस घेऊन थांबायचं, पुण्यात परतल्यावर पुन्हा दोन गोळ्यांनी सुरुवात. कावीळ ब चा रिपोर्ट निगेटिव्ह होता, म्हणून त्याला हे चालणार होतं. जोडीदारानं फोनमध्ये दोघांच्या नावाचे वेगवेगळे गजर लावून घेतले.