‘मी आजारी आहे’ असं म्हणणं म्हणजे अविश्वास का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साताऱ्यात राहता, आईला बारा वर्षांपासून साखर आहे, आणि नव्या प्रार्थनासभेत तिला सांगितलंय की ‘मी आजारी आहे’ हे शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. ‘मी बरी झाले आहे’ अशी कबुली द्यायची, कारण जीवन आणि मरण जिभेच्या हातात आहे. आता ती डॉक्टरांनाही ‘मला काही त्रास नाही’ म्हणते, गोळ्या मनात आलं तर घेते. आणि तुम्ही विचारताय, बोललेल्या शब्दात खरंच एवढं सामर्थ्य असतं का?

असतं. पण कसलं, इथेच सगळं अडलंय.

मी मिरजेची. एकतीस वर्षं नर्सिंग केलं, बहुतेक मेडिकल वॉर्डात, आता निवृत्त आहे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचा दवाखाना सुरू केला, तेव्हापासून आमच्या गावात प्रार्थना आणि औषध एकाच आवारात वाढली. आमच्या घरात ख्रिस्ती होऊन चौथी पिढी. तरी कुणी वाईटसाईट बोललं की माझी आई म्हणायची, “शुभ बोल गं, वास्तू तथास्तु म्हणते.” रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई! तुमच्या आईला ही शिकवण इतकी पटकन पटली ती यामुळेच, असं मला वाटतं. वास्तुपुरुषाच्या जागी येशूचं नाव आलं, बाकी हिशोब तोच. शिकवण तशी अमेरिकेतली. ई. डब्ल्यू. केन्यन (१८६७–१९४८) या उपदेशकाच्या लिखाणात ती आधी दिसते, पुढे दुसरे उपदेशक केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनी ती दूरवर पोचवली. बियाणं बाहेरचं, पण रान आपल्याकडे आधीच नांगरून ठेवलेलं.

आता ते वचन. बायबलमधलं, नीतिसूत्रे १८:२१. जिभेच्या हाती जीवन-मरण आहे असं तिथे लिहिलंय, हे खरंच. पण तो अख्खा अध्याय आईबरोबर बसून वाचा. मूर्खाचं तोंड भांडण ओढवून आणतं, चहाडखोराचे शब्द पोटात खोलवर उतरतात, ऐकून घेण्याआधी उत्तर देणारा फजीत होतो, वादात पहिल्यांदा बोलणारा खरा वाटतो आणि मग दुसरा येऊन त्याची उलटतपासणी करतो. हे सगळं चावडीवरचं, घरातलं, भावाभावांतलं बोलणं आहे. माणसाच्या जिभेनं दुसऱ्या माणसाचं काय होतं, याबद्दल आहे. रक्तातल्या साखरेला हुकूम सोडण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

जिभेवर सगळ्यात कडक कोण बोललं असेल तर याकोब, नव्या करारातलं एक पत्र त्याच्या नावानं आहे. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचं सुकाणू, एवढ्याशा ठिणगीनं पेटणारं रान, सगळं त्याच्या तिसऱ्या अध्यायात आहे. सभेत हा अध्याय नक्की वाचत असतील. पण त्याच पत्राचा पाचवा अध्याय, चौदावी ओवी? तुमच्यात कोणी आजारी आहे काय, त्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आता ‘मी आजारी आहे’ असं तोंडानं म्हटल्याशिवाय वडिलांना बोलवणार कसं? आणि दुसऱ्या अध्यायात तर याकोब सरळ टोमणाच मारतो: उघड्या-उपाशी माणसाला तुम्ही ‘सुखी राहा, ऊब घ्या, पोटभर खा’ म्हणालात आणि दिलं काहीच नाही, तर काय उपयोग? नुसत्या चांगल्या बोलण्याचं पितळ त्यानं तेव्हाच उघडं पाडलंय.

प्रेषित पौलाचंही बघा. त्याचा सोबती एपफ्रदीत मरायला टेकला होता हे तो फिलिप्पैकरांना लिहितो. त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून आलो, असं आपला शिष्य तीमथ्य याला कळवतो. त्याच तीमथ्याला पोटासाठी आणि वरचेवर येणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. लूकचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा करतो. यातल्या कुणाचा विश्वास कच्चा होता म्हणायचं?

आणि मला नर्स म्हणून सगळ्यात आवडणारी गोष्ट हिज्कीया राजाची. तो मरणाच्या दारात, संदेष्टा यशया देवाचा संदेश घेऊन येतो की देवानं तुझं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवलंय. शब्द मिळाला, आणि तोही थेट देवाचा. तरी यशया सांगतो, अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा. पोटीसच की तो! आईला एवढी एकच गोष्ट वाचून दाखवलीत तरी चालेल.

हे मला नुसतं वाचून कळलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. रात्रपाळी होती. जतकडचे एक म्हातारबाबा होते, मूत्रपिंडं थकलेली. त्यांचा मुलगा कॉरिडॉरमध्ये येऊन मला विचारू लागला, “सिस्टर, बहिणीला बोलवून घेऊ का? लांब आहे, रात्रीचं यायचं म्हणजे…” मला परिस्थिती दिसत होती. पण मी म्हणाले, “कशाला घाबरता? देवाचं नाव घ्या, सकाळपर्यंत बरं वाटेल.” तेव्हा मला ते विश्वासाचं बोलणं वाटलं होतं. त्यानं बहिणीला फोन केला नाही. बाबा पहाटे साडेचारला गेले. बहीण दुपारी आली, माझी ड्यूटी संपली होती तरी मी थांबले होते. तिनं विचारलं, “शेवटी काही बोलले का?” तीनच्या सुमारास त्यांनी विचारलं होतं, “ताई आली का?” मी ते तिला सांगितलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

माझ्या त्या ‘शुभ’ वाक्यानं कुणाचं आयुष्य मिनिटभरही वाढलं नाही. एका मुलीची बापाशी शेवटची भेट मात्र गेली. त्यानंतर मी असं कधी बोलले नाही. “परिस्थिती गंभीर आहे, ज्यांना बोलवायचंय त्यांना आत्ताच बोलवा, आणि मी तुमच्यासाठी प्रार्थना करते.” एवढंच. यातही सामर्थ्य आहे, माणसं हलतात, गाडी काढतात, हात हातात घेतात.

दुसरी बाजू याहून वाईट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट! माझी नणंद नदीच्या बाजूला राहते. तिच्या गल्लीत काही जणांनी येशूच्या नावानं पाण्याला मागे हटायची आज्ञा केली. संकटात माणूस काहीही करतो, त्याला मी हसणार नाही. पण पाणी ओसरल्यावर, घरात गुडघाभर गाळ असताना, तिला एकानं ऐकवलं, “ताई, तुमची कबुली कमी पडली.” भांडी, गाद्या, मुलांची पुस्तकं गेल्याचं दुःख तिनं सोसलं, ते वाक्य सोसवलं नाही. दीड वर्ष ती मंडळीत आली नाही. याकोबाची ठिणगी म्हणतात ती ही. या शिकवणीचा हिशोब असाच आहे हो, बरं झालं तर शब्दाचं श्रेय, नाही झालं तर आजाऱ्याचाच दोष.

मग शब्दात सामर्थ्य कुठे? देव बोलला आणि प्रकाश झाला, ते देवाचं बोलणं. इब्री म्हणजे हिब्रू भाषेत ‘दाबार’ या एकाच शब्दाचा अर्थ बोलणंही आणि घडलेली गोष्टही, कारण देवाच्या तोंडून निघालेलं घडतंच. आपलं तसं नाही. आपल्याला दिलंय ते आशीर्वाद देणं, क्षमा मागणं, वचन पाळणं, आणि रडगाणंसुद्धा. स्तोत्रसंहितेत अर्धी अधिक गाऱ्हाणीच तर आहेत असं वाटावं, इतकी. वधस्तंभावर प्रभूनं ‘एली, एली, लमा सबख्थनी’, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस’, म्हटलं, आणि ते शब्द बाविसाव्या स्तोत्राचे. दुखतंय ते दुखतंय म्हणायला तो कचरला नाही.

तुम्ही साताऱ्याचे, म्हणून एक आठवलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये तुमच्याच गावात ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तमंडळी मांडली होती. त्यांच्या मनात दरबाराचे अर्थ पुष्कळ असतील, पण मला हा शब्द एका कारणानं आवडतो. दरबारात माणूस अर्ज घेऊन जातो. तिथे राजाच्या वतीनं फर्मानं काढत बसत नाही.

आता आईचं. तिच्याशी वाद घालू नका, तिला वाटेल तुम्ही तिच्या विश्वासावरच उठलात. “प्रभू मला बरं करील” हे तिला म्हणू द्या, ती प्रार्थना आहे. “मला साखर नाहीच” हे डॉक्टरांना सांगणं मात्र खोटी साक्ष आहे, आणि त्याबद्दलही एक आज्ञा आहेच. पुढच्या तपासणीला स्वतः बरोबर जा, गोळ्या किती चुकल्या ते तुम्ही सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद नको. आज संध्याकाळी तिचे तळपाय उजेडात धरून बघा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. साखरेनं पाय बधिर होतात, मग जखम झालेली कळत नाही, आणि ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या माणसाची तर मुळीच कळत नाही. असे पाय मी फार उशिरा आलेले पाहिलेत. काही दिसलं तर उद्यावर टाकू नका.

आणि तिच्या जुन्या मंडळीतल्या पाळकसाहेबांना घरी चहाला बोलवा. याकोब पाच-चौदा त्यांनाच वाचायला सांगा. तेल ते घेऊन येतील, गोळ्यांचा डबा तुम्ही शेजारी आणून ठेवा.